तारीख परवाची आहे, पण रांग कुणाची?

पत्र : ताई, आम्ही सांगलीचे. माझे मिस्टर फेब्रुवारीपासून जर्मनीत स्टुटगार्टला नोकरीला आहेत, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना तिथं राहून नोकरी करायला मिळणाऱ्या परवान्यावर. मी इथं एका सहकारी बँकेत आहे, मुलगी सात वर्षांची, दुसरीत. आम्हा दोघींना आता तिकडे राहायलाच जायचंय, निदान तीन-चार वर्षं. एजंट म्हणतो, लाँग स्टे व्हिसाच्या अपॉइंटमेंटची तारीख मिळतच नाही. टुरिस्टची परवाची आहे, ती घ्या, आणि तिथं गेल्यावर व्हिसा बदलून घ्या. मिस्टरांच्या ऑफिसातल्या एकाच्या बायकोनं तसंच केलं म्हणे. एजंटनं अठरा हजार सांगितलेत, पासपोर्ट त्याच्याकडेच आहेत. दुसरा म्हणतो, बेळगावच्या मावशीचा पत्ता घाला, बंगळूरची तारीख लवकर मिळते. पासपोर्टवर माझं माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. जर्मनची परीक्षा द्यावी लागते असंही कुणी सांगतं. सासूबाई म्हणतात, दिवाळीच्या आत काय ते करा. राजीनामा देऊ का? मुलीचा दाखला काढू का? रोज रात्री दीड-दोनपर्यंत मोबाइलवर तारखा बघत बसते.
— एक वाचक, सांगली

उत्तर :

अगं, बाकीचं नंतर. आधी आज संध्याकाळी बँक सुटली की त्या एजंटकडे जा आणि दोन्ही पासपोर्ट घेऊन ये. ‘फाइल लावलीय, दोन दिवसांनी देतो’ म्हणाला तर तिथंच बसून राहा. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, असं त्याच्या आतच छापलेलं असतं. कुणाच्या ड्रॉवरमध्ये रबरबँड लावून ठेवायची वस्तू नव्हे ती.

आणलेस? आता बोलू.

सगळा गोंधळ कुठं झालाय सांगते. अपॉइंटमेंट म्हणजे एक तारीख, असं तू धरून चालली आहेस. डॉक्टरकडे नंबर लावतो तसं. लवकरचा मिळाला की आपण खूश. पण डॉक्टरांकडेसुद्धा डोळ्यांच्या नंबरावर दाढ काढून मिळत नाही. परवाची तारीख मोकळी आहे ती दुसऱ्याच कामासाठी, आणि तिकडे तुझं काम नाही.

जर्मनीचे व्हिसे ढोबळमानानं दोन. एक शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा, त्याच्यावर ‘सी’ अक्षर असतं. त्यावर कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. फिरायला जा, भेटायला जा, मीटिंगला जा, आणि परत या. दुसरा राष्ट्रीय व्हिसा, ‘डी’ अक्षराचा, राहायला जाणाऱ्यांसाठी. नोकरी, शिक्षण, आणि तुझ्यासारख्या बायका-मुलांसाठी कुटुंब एकत्रीकरण. अर्ज वेगळा, कागद वेगळे, फी वेगळी, निर्णयाची पद्धतही वेगळी. शेंगेनचा अर्ज तपासताना ‘ही व्यक्ती परत येईल ना?’ हा प्रश्न असतो, तर राष्ट्रीय व्हिसात ‘हिला तिथं राहण्याचा आधार आहे ना?’ हा. एकीकडे परत येण्याचे पुरावे द्यायचे आणि दुसरीकडे राहण्याचे. तू एजंटचं ऐकून राहायला निघालेली असताना परत येण्याचे पुरावे गोळा करणार होतीस.

त्यात काय होतं बघ. भेटीच्या अर्जात तू लिहिणार, नवऱ्याला भेटून तीन आठवड्यांत येते. समोरच्या अधिकाऱ्याला दिसणार : नवरा तिथं ब्लू कार्डवर, मुलगी सोबत चाललीय, बँकेतून राजीनामा, शाळेतून दाखला काढलेला. त्यानं काय समजावं? नकार आला तर त्याची नोंद शेंगेन देशांच्या सामायिक व्हिसा यंत्रणेत पाच वर्षांपर्यंत राहते, आणि पुढच्या अर्जात पूर्वीचे नकार विचारले तर खरं लिहावं लागतं. पूर्वी नकाराविरुद्ध त्याच कार्यालयाकडे फेरविचाराचा अर्ज करता यायचा. जर्मनीनं 1 जुलै 2025 पासून ती सोय जगभर बंद केली. आता एक तर नव्यानं अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात जायचं. सांगलीत बसून बर्लिनला दावा लावायची हौस कुणाला असेल असं मला वाटत नाही.

आणि समज, व्हिसा मिळाला. गेलीस. तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात उभी राहिलीस, की हा व्हिसा बदलून द्या. नियम असा आहे की राहायला येणाऱ्यानं त्याच कामाचा व्हिसा घेऊन देशात यायचं. अपवाद आहेत, पण ते मुख्यतः तिथं पोचल्यावर नव्यानं हक्क निर्माण झाला तर. तुझं लग्न आधीच सांगलीत झालंय, ते स्टुटगार्टला जाऊन पुन्हा नवं होत नाही. बहुधा सांगतील, परत जा आणि तिथून अर्ज करा. म्हणजे मुलीची शाळा सुटलेली, तुझी नोकरी गेलेली, आणि 90 दिवसांनी तुम्ही दोघी पुन्हा मुंबईच्या विमानात.

मग त्या ऑफिसातल्या बाईंचं कसं झालं? मिस्टरांना एकच प्रश्न विचारायला सांग : त्या बाईंचा पासपोर्ट कुठल्या देशाचा? अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, दक्षिण कोरिया आणि इस्रायल या देशांच्या नागरिकांना जर्मनी व्हिसाशिवाय येऊ देते आणि राहण्याच्या परवान्याचा अर्ज तिथं आल्यावर करू देते. या यादीत भारत नाही. त्या बाई जपानी किंवा अमेरिकन असल्या तर त्यांचं बरोबरच होतं, फक्त ते तुला लागू नाही. असले सल्ले कॉफी मशीनपाशी जन्माला येतात आणि सांगलीपर्यंत येताना मधलं ‘जपानी’ कुठंतरी गळून पडतं.

भेटीचा व्हिसा वाईट नाही हं. मिस्टरांना खरोखरच पंधरा दिवस भेटून, त्यांचा फराळ पोचवून परत यायचं असेल, नोकरी आणि शाळा चालूच असतील, तर त्या कारणानं तो जरूर माग. खोटं कारण तेवढं लिहू नकोस.

आता ‘लाँग स्टेची तारीखच मिळत नाही’ याबद्दल. हा माणूस तुला मुद्दाम फसवतोय असंही मी म्हणत नाही; त्याची माहिती जुनी असावी. पूर्वी आधी तारीख पकडायची आणि मग कागद जमवायचे, असा क्रम होता. म्हणून लोक रात्री जागून तारखा शोधायचे. 1 जानेवारी 2025 पासून जर्मनीच्या जगभरातल्या सगळ्या 167 व्हिसा कार्यालयांसाठी राष्ट्रीय व्हिसाचा अर्ज ऑनलाइन करता येतो, परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर. क्रम उलटा झालाय. आधी अर्ज भरायचा, कागद स्कॅन करून चढवायचे, ते लोक पाहणार, काही कमी असेल तर कळवणार, आणि मग तारीख घ्यायला बोलावणार. त्या तारखेला मूळ कागद, बोटांचे ठसे, फोटो आणि फी. तुला तारीख दिसत नाही याचं एक साधं कारण हेही असू शकेल की तू अर्जच भरलेला नाहीस! रात्री दीड वाजता जे उघडून बसतेस ते पान बंद कर आणि रविवारी सकाळी चहा घेऊन पोर्टल उघड.

तिथंही एक जागा निसरडी आहे. सुरुवातीलाच प्रश्न येतात : कशासाठी जाताय, किती काळ, कुणाकडे. तू बँकेत नोकरी करतेस म्हणून बोट ‘नोकरी’कडे जाईल. नको. तुझं काम कुटुंब एकत्रीकरण, त्यात पती-पत्नी, आणि त्यातही पती परदेशी नागरिक आहे हा पर्याय. जर्मन नागरिकाचा जोडीदार हे निराळं प्रकरण आहे. तुला तिथं जाऊन नोकरी करायची असली तरी प्रकार हाच, कारण जोडीदार म्हणून मिळालेल्या परवान्यावर तिथं कुठलीही नोकरी करता येते. बँकेतला अनुभव वाया जायचा नाही.

मुलीचा अर्ज वेगळा, अपॉइंटमेंटही वेगळी. ‘लहान आहे, माझ्यासोबतच होईल’ असं धरू नकोस. पालक वेगवेगळ्या देशांत असल्यावर दोघांचीही संमती लागते, म्हणून मिस्टरांकडून सहीचं संमतिपत्र आताच मागवून ठेव.

इथं माझीच फजिती सांगते, म्हणजे मी उपदेश कुठल्या जागेवरून करतेय ते कळेल. आमच्या ह्यांची परदेशात बदली झाली तेव्हा मी अशीच कॅलेंडर उघडून बसले होते. एक हिरवा चौकोन दिसला, मी तो टिचकीसरशी पकडला आणि घरभर सांगत सुटले. वर प्रकार काय निवडलाय ते पाहिलंच नाही. त्या दिवशी चार फायली, आईनं दिलेला पोळी-भाजीचा डबा आणि नवी इस्त्रीची साडी अशी मी काउंटरवर उभी. पलीकडच्या मुलीनं माझा कागद पाहिला, मग संगणकाकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. ‘मॅडम, फॉर्म लाँग स्टेचा आहे, अपॉइंटमेंट शॉर्ट स्टेची.’ तिची काहीच चूक नव्हती. मी बाहेर येऊन पायरीवर बसून डबा खाल्ला आणि परतीच्या गाडीत एक शब्द बोलले नाही. पुढची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. तेव्हापासून माझी सवय : अपॉइंटमेंटचं पत्र आलं की आधी तारीख बघायची नाही. प्रकार, नाव, पासपोर्ट नंबर, केंद्र, हे चार वाचायचे आणि मगच तारीख.

केंद्रावरून बेळगावच्या मावशीचं आलं. मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे महाराष्ट्र आणि गोवा येतात, बंगळूरकडे कर्नाटक आणि केरळ. राष्ट्रीय व्हिसाला तू कुठं राहतेस ते पाहतात. सांगलीच्या बँकेत रोज सह्या करणारी बाई बेळगावला राहते असं दाखवायचं म्हणजे पुन्हा खोटं आलं, आणि तेही कागदावर. मावशीकडे कुंद्याला जा, पत्त्याला नको.

नावाचं उत्तर तुला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. अपॉइंटमेंट, अर्ज, तिकीट, सगळं पासपोर्टवर आहे त्याच नावानं. अक्षरन् अक्षर तेच, मधलं वडिलांचं नाव जसं छापलंय तसंच. आपल्याकडे विवाह नोंदणीच्या दाखल्यावर वधूचं लग्नाआधीचं नाव असतं, त्यामुळे तुझा जुना पासपोर्ट आणि तो दाखला उलट छान जुळतील. आडनाव नवऱ्याचं नसलं म्हणून जर्मनीत लग्न खोटं ठरत नाही. आत्ता गॅझेट, नवा पासपोर्ट या फंदात पडू नकोस. अर्ज अर्ध्यावर असताना पासपोर्ट नंबर बदलला तर निस्तरत बसावं लागेल. फक्त पासपोर्टची मुदत आणि कोरी पानं मोजून घे, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव काय लिहिलंय ते बघ. तिथं सासरचं नाव असेल तर दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवणारा कागद सोबत लागेल.

परीक्षेचं म्हणशील, तर जोडीदाराला साधारणपणे ए-वन म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं जर्मन लागतं हे खरं. पण ब्लू कार्डधारकाच्या बायकोला किंवा नवऱ्याला त्यातून सूट आहे. म्हणून मिस्टरांच्या कार्डाचा फोटो मागव आणि परवान्याच्या प्रकाराची ओळ वाच. ‘Blaue Karte EU’ (ब्लाउअ कार्टे ईयू) असं असेल तर परीक्षेची चिंता मिटली. आपले लोक कुठल्याही परवान्याला ब्लू कार्ड म्हणून मोकळे होतात, म्हणून तोंडी सांगण्यावर जाऊ नकोस. परीक्षा नसली तरी भाषा मात्र शीक. दुधाच्या पाकिटावर काय लिहिलंय ते कळायला तरी.

पैशांचं बघू. राष्ट्रीय व्हिसाची फी मोठ्यांना 75 युरो आणि अठराच्या आतल्या मुलांना 37.50. म्हणजे तुम्हा दोघींचे 112.50 युरो, अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क असेल ते निराळं. तारीख स्वतः विकत मिळायची वस्तू नाही. एजंट फॉर्म भरून देण्याचे पैसे घेत असेल तर तो त्याचा धंदा आहे, पण ‘तारखेचे’ म्हणून अठरा हजार मागतो तेव्हा सावध हो. आणि तू बँकेतली बाई आहेस, अगं. दिवसभर दुसऱ्यांचे फॉर्म चुकलेत ते दाखवतेस, मग स्वतःचा भरायला घाबरतेस कशाला?

कागदांची सूची दूतावासाच्या संकेतस्थळावर आहे, त्याच क्रमानं लाव. मिस्टरांकडून कार्डाच्या दोन्ही बाजू, नोकरीचा करार, अलीकडच्या पगारपत्रिका आणि तिथल्या पत्त्याची नोंदणी. फोटोचं मात्र सविस्तर सांगते, कारण आपले स्टुडिओवाले तिथंच घोळ घालतात. 35 बाय 45 मिलिमीटर, फिकट पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतला. आणि स्टुडिओत उभं राहून सांग, ‘दादा, चेहरा उजळ करायचा नाही, डाग काढायचे नाहीत, मूळ आहे तसाच द्या.’ तो म्हणेल, ‘ताई, परदेशाचा फोटो आहे, थोडा गोरा करतो.’ नको म्हणावं. फोटोतली बाई आणि काउंटरवरची बाई एकच दिसली पाहिजे. तारीख दिवाळीच्या आसपास आलीच तर बोटांच्या टोकांना मेंदीही नको. ठसे घ्यायचे असतात.

मुंबईला आदल्या दिवशीच जा. रात्रीची गाडी धरून सकाळी थेट काउंटरवर, असा हिशेब सात वर्षांच्या मुलीला घेऊन करू नकोस.

अर्ज दिला की तो मुंबईतून मिस्टर राहतात तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे मतासाठी जातो. म्हणून वेळ लागतो. महिने धर, आठवडे धरू नकोस. सासूबाईंना आजच स्पष्ट सांग की दिवाळी इथंच आहे. ‘बघू, होईल’ असं म्हणत राहिलीस तर त्या रोज विचारतील आणि तू रोज चिडशील. मिस्टरांनाही एक काम दे, नुसते फोन करून ‘झालं का?’ विचारण्यापेक्षा : पुढच्या अपॉइंटमेंटा त्यांच्याकडे.

कारण तिथं पोचल्यावर अजून दोन आहेत. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची. त्याला घरमालकाची सही असलेलं पत्र लागतं, ते मिस्टरांनी आधीच मागून ठेवावं. मग राहण्याच्या परवान्याची अपॉइंटमेंट. तुझा डी व्हिसा काही महिन्यांचाच असेल, खरा परवाना तिथं कार्डाच्या रूपात मिळतो. त्याची तारीख व्हिसा संपल्यानंतरची मिळाली तरी घाबरायचं नाही, पण अर्ज मात्र व्हिसाची मुदत संपायच्या आत पोचलेला हवा. तो वेळेत असला की निर्णय होईपर्यंत तुझं राहणं कायदेशीर धरतात आणि तसं प्रमाणपत्र देतात. ‘तारीख मिळेना म्हणून थांबलो’ हे तिथं चालत नाही. तारीख नाही तर नाही, अर्ज पाठवून द्यायचा आणि त्याची पोच जपून ठेवायची.

राहिलं राजीनाम्याचं आणि दाखल्याचं. पासपोर्टवर व्हिसा चिकटून हातात येईपर्यंत दोन्ही नाही. तिकीटही नाही. बँकेच्या नोटिशीचा काळ किती आहे ते सेवा नियमांत पाहून ठेव. व्हिसा सुरू व्हायची तारीख अर्जात मागता येते, ती त्या हिशेबानं माग, म्हणजे व्हिसा आला आणि तू इथं नोटीस भरतेयस असं व्हायचं नाही. मुलीला तिथं शाळा सक्तीचीच आहे, पोचली की घ्यावंच लागतं. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथं भाषा न येणाऱ्या मुलांसाठी तयारीचे वर्गही असतात. त्यामुळे वर्ष बुडेल म्हणून इथला दाखला घाईनं काढायची गरज नाही. मुख्याध्यापिकाबाईंना तोंडी कल्पना दे. दाखल्याचा अर्ज हवा तर लिहून ठेव, फक्त वर तारीख घालू नकोस.